चौथ्या सेशनला काय करायचं? केसची मांडणी आणि उपचाराचा आराखडा

एका नव्या समुपदेशकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समुपदेशनातलं एम.ए. झालंय, केंद्रावर सहा महिने काम चालू आहे. इनटेकची, म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या माहितीची, चार-पाच पानं भरतात, पण सुपरव्हायझर प्रत्येक वेळी ‘ही हिस्टरी झाली, फॉर्म्युलेशन (केसची मांडणी) कुठंय?’ म्हणून कागद परत देतात. आणि तीन सेशन ऐकण्यात गेली की चौथ्याला नेमकं काय करायचं ते सुचत नाही.

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. चौथ्या सेशनला काय करायचं हे हिस्टरीतून निघत नाही. ते निघतं ‘हा त्रास आजही का चालू आहे’ या प्रश्नाच्या उत्तरातून. वडील कडक होते, दहावीला गणितात कमी पडले, काकांचं अकाली निधन झालं, ही माहिती खरी असेल. पण त्यातलं काहीही तुम्ही बदलू शकत नाही. आज सकाळी क्लायंट अभ्यासिकेच्या दारातून परत का फिरला, यात मात्र हात घालता येतो. मांडणी म्हणजे त्रास टिकवून धरणाऱ्या गोष्टींबद्दल तुम्ही बांधलेला अंदाज. तो अशा शब्दांत लिहायचा की दोन-तीन आठवड्यांत तो चुकला असेल तर कळावं. ‘आत्मविश्वासाचा अभाव’ हे वाक्य कधी चुकतच नाही, म्हणून ते कामाचंही नाही.

एक केस घेऊन बोलू. केस काल्पनिक आहे, पण सदाशिव पेठ-नारायण पेठेच्या आसपास काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. मुलगा २६ वर्षांचा, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, राज्यसेवेची तयारी करायला तीन वर्षांपूर्वी पुण्यात आलेला. कॉट बेसिसवर खोली, जेवण मेसला, दिवस अभ्यासिकेत. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. तीन महिन्यांपूर्वी दुसरा निकाल लागला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी अभ्यासिकेत एकदम छातीत धडधड, हाताला मुंग्या, ‘आता जातोय’ असं वाटलं. मित्रांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार झटके. अभ्यासिका जवळजवळ बंद, झोप दुपारपर्यंत, घरच्यांना फोनवर ‘चांगलं चाललंय’. पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) वर १४, जीएडी-७ (चिंतेची प्रश्नावली) वर १६.

मांडणीच्या आधी दोन कामं. ती घाईत उरकली जातात आणि तिथंच गडबड होते.

पहिलं, जिवाचा धोका. पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नावर (मरून गेलेलं बरं असे विचार) त्यानं १ लिहिलंय. एकूण बेरीज १४ म्हणजे ‘मध्यम’, म्हणून हा १ बेरजेत दडून जातो. बेरीज काहीही असो, नववा प्रश्न शून्य नसेल तर त्याच सेशनमध्ये तोंडी विचारायचं, आणि स्पष्ट शब्दांत: जगू नये असं वाटतं का, जीव द्यायचा विचार येतो का, कसा ते मनात आलंय का, तसं करायचं ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न झालाय का. ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार, प्रश्नानंच ते मागून घेतलंय. विचारल्यानं विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. शेतकरी घरातला मुलगा असेल तर गावी फवारणीची औषधं कुठं ठेवतात, कुलपात असतात का, हेही विचारायचं, कारण ग्रामीण भागात हाताशी असलेलं कीटकनाशक हे आत्महत्येचं मोठं साधन ठरतं. सुट्टीत गावी जाणार असेल तर त्याच्या संमतीनं घरातल्या एकाला ते हलवायला सांगणं हा आराखड्याचाच भाग. विचार आहेत पण योजना नाही, अशा वेळी सुरक्षा योजना सहा टप्प्यांत एका कागदावर लिहायची: धोक्याची खूण कोणती; एकट्यानं काय करता येईल; कुठं किंवा कोणाकडे गेल्यावर मन दुसरीकडे वळतं; मदत कोणाकडे मागता येईल; व्यावसायिक मदत कोणती; आणि साधनं दूर कशी ठेवायची. पाचव्या टप्प्यात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. योजना ठरलेली असेल तर मांडणी वगैरे बाजूला. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि घरचं माणूस. आधीचा प्रयत्न घरचे बऱ्याचदा पोलिसांच्या भीतीनं लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला होत नाही, हे त्यांना सांगितलं की बोलणं मोकळं होतं.

दुसरं, शरीर. ईसीजी झालाय म्हणजे सगळं झालं असं नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? दिवसाला चहा किती? मेसचं जेवण नकोसं वाटतं म्हणून दोन-दोन वेळा उपाशी राहणारी मुलं चहावर दिवस काढतात, आणि कॅफीन व रिकामं पोट मिळून धडधड सहज करतात. तंबाखू, गुटखा, रात्रभर जागायला घेतलेल्या गोळ्या, दारू हे यादी वाचल्यासारखं न विचारता ‘जागायला काय घेता?’ असं विचारलं तर खरं कळतं. आणि एक प्रश्न हमखास राहतो: कधी चार-पाच दिवस झोप न घेताही अंगात प्रचंड जोर होता, डोकं भन्नाट चालत होतं, पैसे उडवले, असं झालंय का? उत्तर ‘हो’ असेल तर हे निव्वळ नैराश्य नसू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी.

आता मांडणी.

सुरुवात अडचणींच्या यादीनं, आणि यादी त्याच्या शब्दांत. आपल्याकडे क्लायंट ‘टेन्शन येतं’, ‘कसंतरी होतं’, ‘मन लागत नाही’ एवढ्यावर थांबतो. यातला एकही शब्द कागदावर तसाच जाऊ देऊ नका. ‘कसंतरी’ म्हणजे छातीत, पोटात की डोक्यात? ‘मन लागत नाही’ म्हणजे वाचलेलं शिरत नाही, की पुस्तक उघडावंसंच वाटत नाही? पहिलं चिंतेकडे बोट दाखवतं, दुसरं नैराश्याकडे. ‘टेन्शन’ तर असा शब्द आहे की त्याखाली राग, भीती, लाज, कर्ज सगळं मावतं. प्रत्येक अडचणीपुढे एक आकडा असावा. या मुलाची यादी अशी होईल: झटके, आठवड्याला तीन-चार; अभ्यासिकेत बसणं, दिवसाला शून्य ते वीस मिनिटं, पूर्वी आठ तास; झोप पहाटे चार ते दुपारी बारा; घरी खोटं बोलल्याची टोचणी, रोज; पैसे, महिनाअखेरीस मित्राकडून उसने. पाच-सहा अडचणी पुरे. बारा लिहिल्यात तर त्यातल्या निम्म्या एकाच अडचणीची वेगवेगळी तोंडं असतील.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवशिके नेमका हाच वगळतात. एक ताजी घटना घ्यायची आणि ती सिनेमा स्लो मोशनमध्ये बघावा तशी उलगडायची. ‘झटका आला की साधारण काय होतं?’ असं विचारू नका. साधारणपणे काय होतं याचं उत्तर नेहमीच सारवलेलं असतं. ‘मंगळवारचा सांगा. किती वाजता? कुठं बसला होता? खाल्लं काय होतं? सगळ्यात आधी शरीरात काय जाणवलं? ते जाणवल्याबरोबर डोक्यात काय आलं? त्या क्षणी सगळ्यात वाईट काय होईल असं वाटलं? मग काय केलं? ते केल्यावर काय झालं?’ वीस-पंचवीस मिनिटं एकाच घटनेवर गेली तरी वाया जात नाहीत.

मंगळवारची घटना उलगडली की साधारण असं हाती येतं. अकराला अभ्यासिकेत गेला, दाराजवळची खुर्ची घेतली. (का? बाहेर पडता यावं म्हणून. ही नोंद करा, पुढे कामाला येते.) टेस्ट सिरीजचा पेपर उघडला. पहिले तीन प्रश्न येईनात. छातीत एक ठोका चुकल्यासारखा झाला. डोक्यात आलं, ‘काकांसारखं होणार.’ काका पंचेचाळिशीत शेतात काम करता करता हार्ट अटॅकनं गेले. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला लागला. नाडीकडे लक्ष गेल्यावर ती आणखी जोरात जाणवली. श्वास भराभर, बोटांना मुंग्या, ‘हे तर अटॅकचंच लक्षण.’ बाटलीतलं पाणी प्यायला, उठून बाहेर आला, मित्राला फोन लावला. दहा मिनिटांत उतरलं. निष्कर्ष काय निघाला? ‘वेळेवर बाहेर पडलो म्हणून वाचलो.’

हे शेवटचं वाक्य मिळेपर्यंत थांबू नका. पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचं, चक्र तिथंच पूर्ण होतं. शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं संवेदना वाढते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे चक्र अजूनही पॅनिकसाठी सगळ्यात उपयोगी आहे. पण शंभर झटके येऊन गेले आणि एकदाही अटॅक आला नाही, तरी माणूस शिकत का नाही? कारण तो प्रत्येक वेळी काहीतरी करून ‘वाचतो’. दाराजवळची खुर्ची, पाण्याची बाटली, नाडी मोजणं, मित्राला फोन, खिशात ठेवलेली गोळी. यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. यादी तुम्हाला आपण होऊन मिळणार नाही, कारण त्याला हे शहाणपण वाटतं. ‘झटका येऊ नये म्हणून काय काय सांभाळता?’ असं विचारल्यावर ती बाहेर येते.

इथं एक फाटा तपासून घ्यायचा. अभ्यासिका टाळणारे दोघं एकसारखे दिसतात, पण एकाला हृदयाची भीती असते आणि दुसऱ्याला चारचौघांत घाम फुटलेला दिसेल याची, किंवा ‘दोनदा मेन्स राहिलेला’ म्हणून बघतील याची. प्रश्न सोपा आहे: ‘अभ्यासिकेत कोणीच नसतं, तर हे झालं असतं का?’ ‘हो, तरी घाबरलो असतो’ म्हणजे पॅनिक. ‘नाही, मग काही वाटलं नसतं’ म्हणजे लाज आणि सामाजिक भीती; मग नाडीवर केलेले सगळे प्रयोग निशाणा सोडून पडतील. दोन्ही असू शकतं. मग पहिल्यांदा कशावर काम करायचं ते ठरवावं लागेल.

दुसरं चक्र नैराश्याचं आणि ते पहिल्याला जोडलेलं. अभ्यासिका बंद, म्हणून दिवस रिकामा, रिकाम्या दिवसात रात्री तीनपर्यंत मोबाइल, उठायला दुपार, ‘आजचाही दिवस गेला’, संध्याकाळी घरचा फोन, खोटं उत्तर, मग अपराधीपणा, त्यावर उपाय परत मोबाइल. दोन्ही चक्रं एका पानावर बाणांनी काढा. शब्दांत लिहिलेली मांडणी तर्काच्या फटी लपवते, बाण त्या उघड्या पाडतात. एखाद्या चौकोनातून बाण कुठंच जात नसेल तर ती माहिती मांडणीची नाही, हिस्टरीची आहे.

आता हिस्टरी कुठं बसते ते बघा. पाच मथळे बहुतेक केंद्रांवर वापरतात: सध्याची अडचण, पूर्वपीठिका, निमित्त, टिकवणारे घटक, बळ देणारे घटक. सध्याच्या अडचणींची यादी आपण केलीच. काकांचा मृत्यू पूर्वपीठिकेत, कारण धडधडीचा अर्थ ‘अटॅक’ असाच का लागला ते त्यातून कळतं. निकाल निमित्तात. दोन्ही चक्रं टिकवणाऱ्यात. बळात: तीन वर्षं सलग आठ तास बसण्याची सवय, दोनदा पूर्व पास, दवाखान्यात नेणारे मित्र, आणि मदत घ्यायला स्वतःहून आला ही गोष्ट. ‘बळ’ हा मथळा नावापुरता लिहून रिकामा सोडण्याची पद्धत पडली आहे. तसं करू नका, कारण आराखड्यातलं पहिलं पाऊल नेहमी तिथूनच उचलायचं असतं. पूर्वपीठिका मात्र तीन ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. बालपण खणत बसण्याचा मोह मोठा असतो, आणि त्याला ‘खोल काम’ असं भारदस्त नावही मिळतं.

त्याचा स्वतःचा अंदाजही विचारा. याला तुम्ही काय म्हणता, कशामुळे झालं असं वाटतं, काय केलं तर बरं होईल? आणि घरचे काय म्हणतात? कदाचित आई म्हणत असेल, ‘कोणाची तरी नजर लागली,’ आणि गावच्या देवस्थानाला नेऊन आणायचं ठरलं असेल. यावर वाद घालायचा नाही. जाण्यानं उपचार थांबणार असतील, मारहाण किंवा उपाशी ठेवणं असेल, तरच मध्ये पडायचं. एरवी ‘तेही करा, हेही चालू ठेवा’ एवढं बास.

सुपरव्हायझरला द्यायची मांडणी मग एवढीच होते:

‘निकालानंतरच्या ताणात, अपुरी झोप आणि उपाशीपोटी चहा यामुळे धडधड होते. काकांच्या मृत्यूमुळे तिचा अर्थ हृदयविकार असा लागतो. नाडी मोजणं आणि भराभर श्वास यामुळे संवेदना वाढतात. बाहेर पडल्यानं सुटका होते व “बाहेर पडलो म्हणून वाचलो” हा समज पक्का होतो. अभ्यासिका टाळल्यानं दिवस रिकामा जातो, झोप उलटते, मन खचतं. घरी खोटं बोलण्यानं अपराधीपणा वाढून आधाराचा रस्ता बंद होतो. हा अंदाज बरोबर असेल तर नाडी न मोजता जागेवर बसून राहिल्यावर धडधड आपोआप उतरेल आणि अशा चार-पाच प्रसंगांनंतर अटॅकवरचा त्याचा विश्वास कमी होईल. तो कमी झाला नाही, तर भीती हृदयाची नसून लोकांची किंवा परीक्षेची आहे का ते परत तपासायचं.’

शंभरेक शब्द. शेवटची दोन वाक्यं नसतील तर कागद परत येणारच.

ही मांडणी तिसऱ्या सेशनला त्याच्यासमोर ठेवायची, पण छापील कागद हातात देऊन नाही. कोरा कागद आणि पेन मध्ये ठेवा, मंगळवारची घटना परत घ्या आणि बाण त्यालाच काढायला सांगा. ‘नाडी मोजल्यावर धडधड वाढते की कमी होते?’ असं विचारून थांबा. ‘हो हो, बरोबर आहे मॅडम’ असं झटपट आलं तर सावध व्हा. आपल्याकडे शिकलेल्या माणसासमोर मान डोलावण्याची सवय असते, ती सहमती नसते. ‘यातलं कुठलं तुम्हाला पटत नाही?’ असं थेट विचारलं की खरं बोलणं सुरू होतं. त्यानं दुरुस्त केलेली एक ओळ तुमच्या दहा ओळींपेक्षा जास्त टिकते.

आराखड्याकडे येऊ. सर्वसाधारण चूक म्हणजे उद्दिष्टाच्या रकान्यात तंत्राचं नाव: ‘सीबीटी (विचार-वर्तन उपचार) देणे’, ‘रिलॅक्सेशन शिकवणे’, ‘विवेकनिष्ठ विचार रुजवणे’. ही तुमची कामं झाली, त्याच्यातला बदल नव्हे. ‘चिंता कमी होणे’ हेही अर्धवटच. उद्दिष्ट असं हवं: आठव्या सेशनपर्यंत आठवड्यातले पाच दिवस अभ्यासिकेत मधल्या खुर्चीवर सलग ९० मिनिटं, नाडी न मोजता; सहाव्यापर्यंत उठण्याची वेळ सकाळी आठ; दहाव्यापर्यंत घरातल्या एका माणसाला खरी परिस्थिती सांगितलेली. तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली. प्रत्येकासमोर मांडणीतला कोणता बाण ते तोडतं हे लिहा. बाण सापडला नाही तर ते उद्दिष्ट खोडा.

क्रम कसा ठरवायचा? नियम असा नाही, पण चार प्रश्न उपयोगी पडतात. जिवाला धोका कशात आहे? एक सुटलं तर बाकीचं किती सैल होतं? दोन आठवड्यांत कशात फरक दिसेल? आणि त्याला स्वतःला आधी काय हवंय? इथं पॅनिक आधी, कारण अभ्यासिका सुरू झाली तर नैराश्याच्या चक्राचा निम्मा भाग आपोआप सुटतो. पण पीएचक्यू-९ वर २० असते तर क्रम उलटा: आधी मानसोपचारतज्ज्ञांचं मत आणि दिवसाची घडी, अंगात त्राण नसलेला माणूस भीतीचे प्रयोग करू शकत नाही. उठण्याची वेळ आणि सकाळचं खाणं मात्र दोन्ही बाबतींत पहिल्याच आठवड्यापासून. उठण्याची वेळ आठवड्याला तासभर अलीकडे आणायची; बारावरून थेट सहा केलीत तर तिसऱ्या दिवशी कोसळते.

चौथ्या सेशनला काय करायचं ते आता सांगता येतं. खोलीत प्रयोग. आधी त्याचा समज शब्दांत आणि टक्क्यांत: ‘धडधड आणि मुंग्या आल्या म्हणजे अटॅक, विश्वास ८० टक्के.’ मग दोघांनी मिळून एक ते दीड मिनिट जोरात, भराभर श्वास घ्यायचा. तुम्हीही करायचा, बसून बघत राहिलात तर ती परीक्षा होते. मुंग्या, चक्कर, धडधड येते. पाणी नाही, नाडी नाही, बसून राहायचं. किती वेळात उतरतं ते घड्याळावर बघायचं. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं मुंग्या येतात, हे स्पष्टीकरण नंतर द्यायचं, आधी नाही; आधी दिलंत तर तो अनुभव राहत नाही, व्याख्यान होतं. शेवटी परत टक्के विचारायचे. ८० चे ५५ झाले तरी चांगलं. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

घरचा अभ्यास त्याच धाग्यावर. पुढच्या आठवड्यात पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या न थांबता चढायच्या, वर गेल्यावर धडधड कितीही असो, नाडी न मोजता पाच मिनिटं बसायचं. हृदय जोरात चालणं आणि हृदय बंद पडणं यातला फरक पायऱ्या जितका शिकवतात तितका तक्ता शिकवत नाही. मग अभ्यासिका: पहिले दोन दिवस दाराजवळच्या खुर्चीवर पण बाटली न घेता, मग दोन रांगा आत, मग मध्यभागी. झटका येऊ द्यायचा, उतरेपर्यंत उठायचं नाही. सुरक्षा-वर्तनं एकेक करून काढा. सगळी एका दिवसात काढायला सांगितलीत तर तो येणंच बंद करेल.

आणि इथं बऱ्याच समुपदेशकांचा हात पोळतो तो श्वसनाच्या व्यायामावर. दीर्घ श्वास शिकवला, त्याला बरं वाटलं, सगळे खूश. दोन आठवड्यांनी कळतं की तो आता झटका येताच दीर्घ श्वास घेतो आणि म्हणतो, ‘श्वास घेतला म्हणून वाचलो.’ म्हणजे तुम्हीच त्याला आणखी एक पाण्याची बाटली दिलीत. श्वसन झोपायच्या आधी शिकवा हवं तर, पण पॅनिकच्या मध्यावर नको. खिशातल्या गोळीचंही तसंच. फरक इतकाच की ती कमी करायची का, कशी, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची गोळी रोज घेतली जात असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं. तुम्ही डोसाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. तज्ज्ञांना फोन करून प्रयोगांची कल्पना मात्र द्यायची.

सेशनांची विभागणी साधारण अशी पडते: पहिली दोन माहिती आणि धोका, तिसऱ्यात मांडणी, चार ते सात पॅनिक, आठ ते दहा परीक्षा आणि घर, अकरा आणि बारामध्ये त्रास परत उलटल्यास काय करायचं ते. शेवटची दोन पंधरा दिवसांच्या अंतरानं. पण कागदावरचे बारा प्रत्यक्षात क्वचित मिळतात. पूर्वपरीक्षेची तारीख, दिवाळी, सोयाबीनची काढणी, पैसे संपणं यांपैकी काहीतरी आडवं येतंच. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, ‘किती वेळा येणं जमेल?’ सहाच जमणार असतील तर माहिती दोनऐवजी दीड सेशनमध्ये आवरा, तिसऱ्याला प्रयोग, आणि घराचा विषय एका सेशनपुरता ठेवा. बाराचा आराखडा लिहून सहाव्याला केस बंद पडणं हे अपयश त्याच्या खात्यावर जातं, तुमच्या नाही.

परीक्षेबद्दलचा भाग जरा सावकाश घ्या, कारण इथं पुस्तकी पद्धत तोंडावर पडते. ‘मी पास होणार नाही’ या विचाराला विकृत विचार म्हणून खोडायला गेलात तर तो मनात म्हणेल, यांना काही माहीत नाही. आणि त्याचं बरोबर असेल. जागा थोड्या, उमेदवार लाखांनी. हा हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असल्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ वर्षानुवर्षं लांबत जातो, हेही खरं. म्हणून इथं दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या. ‘यंदा निवड होणं अवघड आहे’ हे वास्तव. त्यावर तोडगा काढायचा, वाद घालायचा नाही. ‘निवड झाली नाही तर मी घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ हा निष्कर्ष. त्यावर काम करायचं. ज्यांचं शिक्षण विवेकनिष्ठ पद्धतीत झालंय त्यांना हे ए-बी-सी (ए म्हणजे घटना, बी तिच्याबद्दलचा समज, सी परिणाम) ओळखीचं असेल. फक्त ‘ए’ खोटं ठरवायचा आटापिटा करू नका. वास्तवाच्या बाजूला कागदावर ठेवायच्या गोष्टी म्हणजे किती प्रयत्न आणि कोणत्या तारखेपर्यंत, दरम्यान सरळसेवेच्या कोणत्या परीक्षा, महिन्याचा खर्च, उसने किती. तारीख तो ठरवतो. ‘आता पुरे कर’ किंवा ‘सोडू नकोस’ यातलं काहीही तुम्ही म्हणायचं नाही, बहिणीचं लग्न त्याच्यासाठी थांबलंय हे ऐकल्यावरही नाही.

घरच्यांचा फोन येईल. ‘आमचा मुलगा येतो का तुमच्याकडे? काय म्हणतो?’ तो सज्ञान आहे; त्याच्या परवानगीशिवाय तो येतो की नाही हेसुद्धा सांगायचं नाही. अपवाद पहिल्या सेशनलाच त्याला सांगून ठेवायचे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि अठराखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार, जिथं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. घराला आराखड्यात आणायचं ते त्याच्याच हातून. आधी कोणाला सांगायचं? बहुतेक वेळा वडील नाही, बहीण किंवा मामा. काय सांगायचं ते सेशनमध्ये तोंडानं बोलून बघायचं, तीन-चार वाक्यं, जास्त नाही: ‘ताई, तीन महिने मला त्रास होतोय. डॉक्टरांना दाखवलंय, हृदयाचं काही नाही. अभ्यास थांबला होता, आता परत सुरू करतोय. बाबांना मी स्वतः सांगेन, तू आधी ऐकून घे.’

मोजमाप दर सेशनला, आत यायच्या आधी पाच मिनिटं. पीएचक्यू-९ ला ५, १०, १५, २० या तीव्रतेच्या पायऱ्या. जीएडी-७ ला ५, १०, १५. पीएचक्यूवर पाच गुणांचा फरक म्हणजे दखल घेण्याजोगा. यातला कोणताही आकडा निदान नव्हे. त्याशेजारी त्याचे स्वतःचे दोन आकडे: आठवड्यातले झटके आणि अभ्यासिकेतली मिनिटं. मजा अशी की चौथ्या-पाचव्या सेशनला झटके कधीकधी वाढतात, कारण तो टाळणं सोडून आत बसायला लागलेला असतो. मिनिटं वाढत असतील तर घाबरू नका, आणि हे होईल असं त्याला आधीच सांगून ठेवा. मिनिटं आणि गुण दोन्ही सहाव्या सेशनपर्यंत जागचे हलले नाहीत, तर तंत्र बदलण्याआधी मांडणी उघडा. ‘क्लायंट प्रतिसाद देत नाही’ असा शेरा मारण्याआधी बघायच्या गोष्टी: एखादं सुरक्षा-वर्तन निसटलंय का (कानात इयरफोन घालून मनातल्या मनात मंत्र म्हणत बसणं हे फार वेळा निसटतं), भीती दुसरीच आहे का, दारू किंवा गांजा लपलाय का, सुधारल्यावर त्याला अशा कशाला तोंड द्यावं लागणार आहे की न सुधारणंच बरं वाटतंय. पॅनिक गेलं तर पुढचा पेपर द्यावाच लागणार, हे कारण अभ्यासिकेतल्या मुलांच्या बाबतीत दुर्मीळ नाही.

घरचा अभ्यास झाला नाही तर रागवायचं नाही आणि ‘असू दे’ही म्हणायचं नाही. पर्वतीला गेला नाही? कोणत्या पायरीवर थांबला: सकाळी उठला नाही, निघाला पण परत फिरला, की ऐकतानाच पटलं नव्हतं? तीन उत्तरांवर तीन वेगळे उपाय. पहिल्यात वेळ संध्याकाळची करा, दुसऱ्यात मित्राला पायथ्यापर्यंत न्या आणि पुढच्या वेळी एकटा, तिसऱ्यात मांडणीकडे परत.

नोंदवहीत प्रत्येक सेशनची पाच-सहा ओळींची नोंद पुरते: आकडे, धोका विचारला का आणि उत्तर काय, कोणत्या बाणावर काम केलं, काय केलं, घरी काय दिलं, पुढच्या वेळी काय तपासायचं. काकांचं नाव, ताईचं सासर, मित्राचा नंबर यातलं काही लिहू नका. आणि मांडणीच्या पानावर तारीख टाका; दर वेळी बदललेली ओळ खोडून शेजारी नवी लिहा, पान फाडून नवं करू नका. सुपरव्हायझरला त्या खाडाखोडीतूनच कळतं की तुम्ही कुठं विचार केला आणि कुठं अडलात.